झोक्याच्या कडीला टांगलेली पुस्तकं

ज्याला तीन-चार महिने पाठीवर उताणं पडून काढायचे आहेत, त्याच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण बसून वाचणाऱ्याला यातलं निम्मंच कळेल. उताण्या माणसाचं जग वेगळं असतं. त्यात माणसं हनुवटीकडून दिसतात, आभाळ खिडकीच्या वरच्या काचेएवढं असतं, आणि पंख्याची पाती मोजून झाली की करायला काहीच उरत नाही. पाती तीनच असतात. मी तरी रोज मोजायचे.

मला मणक्याचा टीबी झाला होता. औषधं कोणती, गोळ्या किती, ते मी सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील, आणि त्यांचंच ऐका. मी सांगणार आहे ते गोळ्यांच्या मधल्या वेळेचं. तो वेळ फार मोठा असतो हो.

एक चप्पल

धरणगावच्या एका शाळेत मी लिपिक आहे. दाखले, हजेरीपट, पोषण आहाराची माहिती, सगळं माझ्याकडे. दिवसभर खुर्चीत बसल्यावर पाठ दुखणारच, असं मी वर्षभर म्हणत राहिले. बाम चोळला, वीट तापवून शेकलं, मेडिकलमधून पट्टा आणून बांधला. माझा स्वभाव असा की दुखतंय म्हणणाऱ्याचाच मला राग येतो, मग मी स्वतः कशी म्हणणार?

उन्हाळ्यात धाकट्या जावेबरोबर, मंगलबरोबर, जळगावला लग्नाच्या साड्या घ्यायला गेले. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. चालता चालता मंगल थांबली आणि म्हणाली, "ताई, तुमची एक चप्पल कुठंय?"

मागे वळून पाहिलं तर वीसेक पावलांवर माझी डावी चप्पल रस्त्यात पालथी पडली होती. पायातून निघाली ते मला कळलंच नव्हतं. बरं, चप्पल गेली ते राहू द्या. जळगावच्या भर उन्हाळ्यात डांबरावर मी अनवाणी पायानं वीस पावलं चालले आणि तळव्याला चटका लागला नाही! मंगलनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. साड्या राहिल्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि पेनानं दाखवलं, "हे बघा, इथे मणका खाल्ला गेलाय."

"कोणी?" मी विचारलं. आता हसू येतं, पण तेव्हा मला खरंच असं वाटलं की कोणीतरी माझ्या नकळत माझ्या घरात येऊन जेवून जातंय.

टीबी म्हटल्यावर मी वाद घातला. मला खोकला नाही, ताप नाही, आमच्या घरात कोणाला कधी झाला नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आजच धुळ्याला जा. तिथे या कामाचे डॉक्टर आहेत. गाडीत बसून नाही, आडवं झोपून जायचं."

"मला चालता येईल ना हो?"

"आत्ता तरी नीट झोपून जा."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढचे चार महिने मी तोच एक प्रश्न वेगवेगळ्या लोकांना विचारत राहिले, आणि सगळे मला दुसरंच काहीतरी सांगत राहिले.

कादंबरी पडली

धुळ्याच्या दवाखान्यात सकाळ झाडूच्या आवाजानं व्हायची. मग फिनेलचा वास, मग चहा, तोही आडव्यानं, वाकवलेल्या नळीतून. नऊला डॉक्टर यायचे आणि पायाशी उभं राहून म्हणायचे, "बोटं हलवा." उजवीकडची बोटं थोडी हलायची. डावीकडे मी सगळा जीव एकवटायचे, कपाळाला घाम यायचा, आणि विचारायचे, "हललं का?" ते वहीत काहीतरी लिहायचे. दर दोन तासांनी तिघं जण येऊन मला ओंडक्यासारखं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायचे. गोळ्यांनी सुधारतंय का ते तीन आठवडे बघायचं ठरलं होतं. नाहीतर ऑपरेशन.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. रजा काढून बाकड्यावर बसून असायचे. बोलण्यात त्यांचा हात आखडता. इंजिन काय बोलतंय ते त्यांना दुरून कळतं, पण बायकोशी काय बोलावं ते कळत नाही. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, "काहीतरी बोला की!" तर म्हणाले, "आज डाळीला मीठ कमी होतं." झालं. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे नुसती मान वळवली, बाकीचं वळत नव्हतं.

मुलगी सुजाता नाशिकला फार्मसी शिकते. ती आली तेव्हा मी तिला म्हटलं, मला एक जाडजूड कादंबरी आणून दे. तिनं बिचारीनं चारशे पानांची आणली. उताण्यानं पुस्तक तोंडावर धरून कधी वाचलंय? दोन मिनिटांत दंड थरथरायला लागतात. पान उलटायचं तर दुसरा हात लागतो, आणि तो सोडला की पुस्तकाचा अर्धा भाग लोंबायला लागतो. मी हट्टानं तिसऱ्या पानापर्यंत गेले आणि ते धाडकन माझ्या नाकावर आपटलं. सिस्टर धावत आली.

"काय झालं मावशी?"

"कादंबरी पडली."

सुजातानं ते उचललं आणि माझा मोबाईल हातात घेतला. "आई, यात घालून देते पुस्तकं."

मी फणकारले. मोबाईलवर पुस्तक वाचणं म्हणजे फोटोतली भाकरी खाणं, असं मी शाळेत पोरांना कितीदा सुनावलं होतं. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. अकरा वर्षं ते वाचन मी करते. तो जाड ग्रंथ दोन्ही हातांत धरून, तासभर, टेकू न घेता. माझा त्याबद्दल तोरा होता, खोटं कशाला बोलू. आणि मी मोबाईलवर वाचू?

"नाक बघितलंस का आरशात?" सुजाता म्हणाली. मी मुकाट्यानं मोबाईल घेतला.

दिव्याचा देश

पहिलंच पुस्तक लागलं ते कुठल्याशा बर्फाच्या देशातलं, मराठीत आणलेलं. समुद्रातल्या खडकावर एक दीपस्तंभ, तिथे दिवा सांभाळणारा माणूस आणि त्याची बायको. सहा महिने होडी येत नाही. दोघं दिवा पुसतात, मासे वाळवतात, भांडतात, वाट बघतात. बस, एवढंच.

मी अक्षर मोठं केलं. चष्मा काढून ठेवला. कागद पांढराफेक नको वाटला तर तो पिवळसर करता येत होता, जुन्या पुस्तकांसारखा. एका हातात मावत होतं सगळं, आणि पान उलटायला अंगठा नुसता टेकवायचा. पुस्तक कुठे सोडलं ते त्याचं तेच लक्षात ठेवायचं. गोळीची गुंगी आली की मोबाईल छातीवर ठेवून मी झोपायचे. उठल्यावर समुद्र तिथेच थांबलेला असायचा.

ते दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. जागं असणं आणि झोपणं यातली भिंत मऊ झाली होती. दुपारी वॉर्डातले पडदे वाऱ्यानं फुगले की मला शिडं दिसायची. पंख्याच्या घरघरीत लाटा ऐकू यायच्या. धुळ्याच्या त्या उकाड्यात मी बर्फावर चालत होते, आणि महत्त्वाचं म्हणजे, चालत होते. पुस्तकात कोणी जिना चढलं की माझ्या मांड्यांना कळ लागायची. खरंच लागायची का, कोण जाणे. पण मी तो जिना पुन्हा पुन्हा वाचायचे.

सिस्टरला वाटायचं मी रील बघतेय. "मावशी, डोळे जातील," म्हणायची. मी म्हणायचे, "डोळे शाबूत आहेत बाई, पायाचं बोल."

शेजारच्या खाटेवर शिंदखेड्याच्या अक्का होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, तोंड मात्र धडधाकट. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी न राहवून अहिराणीत विचारलं, "बठ्ठा दिन त्या मोबाईलमा काय देखस वं माय? माले बी सांग ना!"

मग मी त्यांना रोज थोडं वाचून दाखवू लागले. अक्कांना बर्फ पटत नव्हता, पण दिवेवाल्याची बायको पटली. "सहा महिना नवराना तोंडसमोर बठनी ती? येडी व्हई जाई!" असं म्हणून त्या एवढ्या हसल्या की त्यांचा खुबा दुखला.

खाली कोपऱ्यात पुस्तक किती टक्के झालं ते दिसायचं. मी मनाशी एक खूळ घेतलं: शंभर टक्के झाले की डावा अंगठा हलेल. कोणाला सांगितलं नाही. एवढी शिकलेली बाई, लाज वाटत होती. ऐंशी झाले, नव्वद झाले, मग मी मुद्दाम सावकाश वाचू लागले. शेवटी एका सकाळी पुस्तक संपलं. डॉक्टर आले, म्हणाले, "बोटं हलवा." डावा अंगठा जसाच्या तसा.

ते गेल्यावर मी रडले. हुंदका दिला की पाठीत कळ यायची, म्हणून तेही धड करता येईना. अक्का पलीकडून म्हणाल्या, "काबर रडस? तो दिवावाला मरी गया का?"

"नाही हो अक्का. तो चांगला आहे."

"मंग दुसरं पुस्तक काढ," त्या म्हणाल्या.

मी दुसरं काढलं. त्यासाठी कोणाला बाजारात जावं लागलं नाही, कोणाच्या विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. आडव्या माणसाला प्रत्येक गोष्ट मागावी लागते, पाणी, चादर, भांडं, सगळंच. त्यात ही एक गोष्ट मी माझी मला घेऊ शकत होते. याचं मोल मी कसं सांगू!

बोट हललं ते त्यानंतर चार दिवसांनी. अगदी एवढंसं. डॉक्टरांनी वहीत लिहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. ऑपरेशन टळलं. म्हणाले, घरी जा, पण अजून तीन महिने आडवंच.

"आणि चालणं?"

"बघू," ते म्हणाले.

कडी

घरी आमच्या मधल्या खोलीत झोक्याच्या कड्या आहेत. सुजाता लहान असताना झोका होता, आता नुसत्या कड्या. माझी खाट त्यांच्या खाली लावली.

माझं सगळं मंगल करत होती. सगळं म्हणजे सगळं. मी तिच्याशी आयुष्यभर थोड्या वरच्या पट्टीतच बोलत आले. ती सातवी शिकलेली, मी पदवीधर, आणि ते मी तिला विसरू दिलं नव्हतं. आता ती माझं भांडं उचलत होती. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले तर म्हणाली, "ताई, डोळे उघडा. मला काही लाज नाही वाटत, मग तुम्हाला कशाला?"

मोबाईल धरूनही हात भरून येतो हे तिच्या लक्षात आलं. तिनं जुन्या ब्लाउजपीसची एक पिशवी शिवली, पुढून उघडी, काठाला इलास्टिक. तिला दोन दोऱ्या लावून ती कडीला बांधली. मोबाईल बरोबर माझ्या तोंडासमोर वीतभर लोंबायचा. बोट लावलं की पान उलटायचं आणि सगळं पुस्तक हळूच झुलायचं. मी झुलणारी पुस्तकं वाचली आहेत! वाऱ्याची झुळूक आली की ओळी माझ्यापासून थोड्या लांब जायच्या, परत यायच्या. वाचता वाचता डोळा लागायचा, स्वप्नातही ओळी झुलायच्या, आणि स्वप्नात मी वाचायचे ते जागं झाल्यावर पुस्तकात सापडायचं नाही.

आषाढ पौर्णिमा आली. विहारात वाचन कोण करणार? माझे सासरे, आबा, विहारात सगळ्यांत वयस्कर. ते माझं नाव घेऊन म्हणाले, "रत्ना करी. फोनवर करी." सगळ्यांना पटलं. संध्याकाळी साडेसहाला विहारातून फोन यायचा. तिथे तो स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवायचे, समोर माईक, आणि स्टुलाशेजारी आबा. इकडे ग्रंथ माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला. तोही सुजातानं मोबाईलमध्ये घालून दिला होता.

पहिले काही दिवस छान गेले. मग बायकांनी सांगितलं, रत्नाताई, तुम्ही पान सांगा, म्हणजे आम्ही आमच्या ग्रंथात बोट ठेवून ऐकू. मी ऐटीत म्हटलं, "आज पान आठशे चाळीसपासून."

तिकडे पानं फडफडल्याचा आवाज. कोणीतरी म्हणालं, "माझ्या ग्रंथात तर एवढी नाहीत." दुसरी म्हणाली, "माझ्यातलीपण गळालीत वाटतं." एक बाई तर घाबरून म्हणाली, "दुसरा खंड निघालाय का? आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही?"

आबांचा आवाज आला, "पोरी, आपला ग्रंथ इतला जाड कव्हय व्हयना?"

माझ्या काही लक्षात येईना. मी जोरजोरात, "आठशे चाळीस! दिसतंय मला स्पष्ट!" मंगल पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, मोबाईलकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, तुमचं अक्षर बघा की! एका पानात आठ ओळी बसतात. त्यांच्या एका पानाची तुमची चार होतात."

पदवीधर बाईला सातवीनं शिकवलं. त्या दिवसापासून आम्ही प्रकरण आणि परिच्छेद सांगू लागलो. विहारात मात्र कोणी थापा मारायला लागलं की "आठशे चाळीस पानांचं सांगू नको" असं म्हणायची पद्धत पडली, ती अजून आहे.

टेप

हे सगळं गोड गोड वाटेल. तसं नव्हतं. भादव्यात एका रविवारी मी मोबाईल बाजूला सारून डोळे मिटले होते, झोपले नव्हते. न्हाणीच्या दाराशी खुडबूड झाली. मान वळवून पाहिलं तर हे टेप घेऊन चौकट मोजत होते. वाकून तळहातावर आकडा लिहिला. मग मोरीचा उंबरा मोजला.

चाकाच्या खुर्चीसाठी. दुसरं काय!

मी एवढी ओरडले की शेजारचे दारात आले. "मला विचारलं का? मी मेलेय का? माझे पाय तुम्ही ठरवून टाकले का?" हे टेप हातात घेऊन उभे. टेप सर्रकन आत गेला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

खरं दुखणं वेगळंच होतं. आठवडाभर फिजिओथेरपीच्या ताई घरी येत होत्या. पट्टा बांधून बसवायच्या, मग त्या आणि मंगल दोघी बगलेत धरून उभं करायच्या. आणि मी उभी राहिले की कोसळायचे. रोज. ताई म्हणायच्या, पायात ताकद आलीय, डॉक्टरपण तेच म्हणतात, तुम्ही घाबरून अंग सोडून देताय. मला ते पटत नव्हतं. ज्या पायानं न सांगता चप्पल टाकून दिली त्याच्यावर मी विश्वास कसा ठेवू? म्हणून टेपचा राग आला, कारण यांनी मोजलं ते मीही मनात मोजत होतेच.

त्या संध्याकाळी फोन वाजला. मी मंगलला म्हटलं, "सांग त्यांना, आजपासून वाचन बंद. दुसरं कोणी बघा."

वाचन झालं नाही. आबा लवकर घरी आले, खाटेशी खुर्ची ओढून बसले. आबा एरवी अहिराणीत बोलतात, पण गंभीर बोलायचं असलं की पुस्तकी मराठीवर येतात. त्यांनी पुस्तकी मराठी काढली तशी मी सावध झाले.

"रत्ना, तुला एक सांगायचं आहे. रागावू नकोस. तू विहारात उभी राहून वाचायचीस ना, अकरा वर्षं, त्यातलं मला काहीही ऐकू आलेलं नाही."

"म्हणजे?"

"माझे कान कधीचेच गेलेत. सगळ्यांसमोर कसं सांगायचं? तू वाचायचीस, मी मान हलवायचो. यंदा फोन माझ्या कानाशी असतो. शब्द न् शब्द ऐकू येतो. ग्रंथात काय लिहिलंय ते मला या वर्षी कळतंय." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "आणि तू अर्ध्यावर सोडतेस."

अकरा वर्षांचा माझा तोरा त्या माणसानं मान हलवून सांभाळला होता. मला राग आला, लाज वाटली आणि त्यांचे पाय धरावेसे वाटले, सगळं एकदम. "उद्या वाचते," एवढंच म्हटलं.

"उद्याचा भाग मोठा आहे," आबा म्हणाले. "आजचापण आत्ताच वाच ना!" आणि मोबाईल पिशवीतून काढून त्यांनी स्वतःच्या कानाशी धरला. "असा नाही हो आबा, मी काय बघून वाचू?" म्हटल्यावर परत दिला. मी त्यांच्या कानाकडे तोंड करून वाचलं.

अश्विन पौर्णिमा

शेवटच्या दिवशी मला गाडीतून विहारात न्यायचं असं सगळ्यांच्या मनात होतं. मीच नाही म्हटलं. कोणी धरून नेलं, सगळ्यांसमोर मी कोसळले, तर? त्यापेक्षा फोन बरा. मंगललाही म्हटलं, तू जा, तीन महिने माझ्यामुळे तुला एक दिवस विहारात बसता आलं नाही. ती पाण्याचा तांब्या, काठी, घंटी, सगळं हाताशी ठेवून आणि चारदा मागे बघून गेली. वाचनासाठी मी पट्टा बांधून खाटेवर बसले होते. अर्धा तास बसायची परवानगी होती. हे जळगावहून ड्युटी करून यायचे होते. घरात मी एकटी.

वाचन सुरू केलं. विहार भरलेला होता, खोकल्यांवरून कळत होतं. शेवटचं प्रकरण. मी पिशवीतला मोबाईल हातात घेऊन वाचत होते, आवाज छान लागला होता, आणि आबा कानाशी आहेत हे मला माहीत होतं. एवढ्यात मोबाईल टुंग वाजला. बॅटरी चार टक्के.

दुपारभर वीज नव्हती. चार्जिंगचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. चार्जर समोरच्या भिंतीत, दाराजवळ, स्वयंपाकघरात जाताना लागतो तो. वीज आली होती, बटणाचा लाल दिवा दिसत होता. काय करणार? मंगल विहारात. आबा कान लावून. तीन टक्के.

"एक मिनिट हं," मी म्हटलं.

पुढचं मला खरंच आठवत नाही. मी खूप प्रयत्न केलाय आठवायचा. खाटेचा काठ आठवतो, फरशी गार लागली ते आठवतं, डाव्या पायालासुद्धा. भिंतीला हात लागला ते आठवतं. मधली पावलं पुस्तकातल्या बर्फासारखी पांढरी, आवाज नसलेली. वायर घुसवली. ती हातभरच लांब, त्यामुळे मोबाईल घेऊन परत खाटेवर जाता येईना. म्हणून मी तिथेच, एक हात भिंतीला लावून, वाचायला लागले. तिकडे लोक वाट बघत होते ना!

वाचत गेले. ओळी शांत होत्या, झुलत नव्हत्या. परिच्छेद संपला, दुसरा संपला. दाराशी डबा पडल्याचा आवाज झाला. मान वळवून पाहिलं तर हे उंबऱ्यात उभे. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मी कुठे उभी आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं पुसट झाली.

हे पुढे आले. दोन्ही हात माझ्या बगलांखाली पसरून थांबले, पण अंगाला लावले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बोलायला लागला आणि थांबेचना, "अगं, तू... कोणी उठवलं तुला... अगं, तू उभी... रत्ना, तू स्वतः..."

फोनमधून आबा म्हणाले, "रत्ना, काय व्हयनं? पुढे वाच ना!"

मी डोळे पुसले आणि यांना म्हटलं, "थांबा हो. एक पान राहिलंय."